ख्रिस्त, मैत्रेय आणि थिऑसफी

भावी बुद्ध मैत्रेय आणि येशू ख्रिस्त हे एकच होत काय, असा प्रश्न आपल्याकडील धम्मवर्गांत अधूनमधून विचारला जातो. विचारणाऱ्याने ते कोठेतरी वाचलेले असते, आणि ‘सर्व धर्म शेवटी एकच’ या आपल्या समाजातील आवडत्या वाक्याशी ते जुळत असल्याने त्याला ते बरेचसे पटलेलेही असते. हे समीकरण पालि तिपिटकातील नाही. ख्रिस्ती चर्चचेही नाही. ज्या चळवळीने ते रूढ केले ती थिऑसफी होय. मराठीत तिला ब्रह्मविद्या असेही म्हटले जात असे, आणि काही वर्षे तिचे बिऱ्हाड मुंबईतच होते. तिची मते ख्रिस्ती श्रद्धेशी कोठे जुळतात, कोठे फारकत घेतात आणि या व्यवहारात बुद्धाचे नाव कसे वापरले गेले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

थिऑसॉफिकल सोसायटीची स्थापना १७ नोव्हेंबर १८७५ रोजी न्यूयॉर्क येथे झाली. संस्थापकांपैकी रशियन उमराव घराण्यातील मादाम हेलेना ब्लाव्हाट्स्की आणि अमेरिकन वकील कर्नल हेन्री ऑल्कॉट हे १६ फेब्रुवारी १८७९ रोजी मुंबईस उतरले. त्यांनी गिरगावात मुक्काम केला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक सुरू केले. डिसेंबर १८८२ मध्ये सोसायटीचे ठाणे मद्रासजवळ अड्यार येथे हलले. मुंबईतील त्यांच्या सहकाऱ्यांत तुकाराम तात्या पडवळ होते. १८६१ साली ‘जातिभेद विवेकसार’ लिहिणारे आणि महात्मा फुल्यांच्या वर्तुळातील हे गृहस्थ. अशा माणसाला ही चळवळ जवळची का वाटली असेल, हे समजणे कठीण नाही. वंश, पंथ, लिंग, जात वा वर्ण यांचा भेद न करता मानवमात्राचे बंधुत्व, असे तिचे पहिले उद्दिष्ट सांगितले जाते. मे १८८० मध्ये ब्लाव्हाट्स्की व ऑल्कॉट यांनी श्रीलंकेत गाले येथे जाहीरपणे पंचशील ग्रहण केले. मिशनऱ्यांचा जोर असलेल्या त्या काळात गोऱ्या माणसांनी विहारात गुडघे टेकावेत, ही साधी गोष्ट नव्हती.

सोसायटी वादग्रस्त ठरली ती मात्र दुसऱ्याच कारणाने. तिबेटात राहणारे सिद्ध ‘महात्मे’ आपल्याला चमत्काराने पत्रे पाठवितात, असा ब्लाव्हाट्स्की यांचा दावा होता. १८८४ साली मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकाने त्यांच्या विरोधात काही पत्रे छापली, आणि १८८५ साली लंडनच्या एका संशोधन संस्थेच्या अहवालाने त्यांना लबाड ठरविले. त्याच संस्थेच्या नियतकालिकाने १९८६ साली त्या अहवालाच्या पद्धतीवर कडक टीका करणारा लेखही छापला. तो वाद येथे उकरण्याचे कारण नाही. पत्रे खरी असोत वा खोटी, मते तपासता येतात. सोसायटी आपल्या सभासदावर कोणतेही मत लादत नाही, हेही नमूद केले पाहिजे. पुढे ‘थिऑसफीचे मत’ म्हणून जे येते ते ब्लाव्हाट्स्की, अ‍ॅनी बेझंट आणि लेडबीटर यांच्या ग्रंथांतील होय.

ख्रिस्ती श्रद्धेचा पाया म्हणजे जगाहून वेगळा, जगाचा निर्माता, मनुष्याशी बोलणारा एक ईश्वर. थिऑसफीला असा ईश्वर मान्य नाही. तिच्या मते निर्गुण परमतत्त्वातून विश्व उत्क्रांत होते आणि पुन्हा त्यातच मिटते. हे ऐकून त्या काळच्या काही बौद्धांना आनंद झाला. परंतु वाचकाने पुढची पाने उलटली की मनू, बोधिसत्त्व, महाचोहान, सात मूलवंश आणि सात भूमिका यांची मोठी उतरंड लागते. ईश्वर दारातून गेला आणि त्याचे सारे दरबारी खिडकीतून आत आले, असे काहीसे झाले.

ख्रिस्ताविषयीचे मत अधिक महत्त्वाचे आहे. बेझंट या इंग्लंडमधील एका पाद्र्याच्या पत्नी होत्या. पुढे त्यांनी चर्च सोडले, काही काळ त्या निरीश्वरवादी होत्या आणि १८८९ साली थिऑसफीत आल्या. १९०१ साली त्यांनी ख्रिस्ती धर्माच्या गुह्यार्थावर ग्रंथ लिहिला. त्यात येशूचा जन्म इसवी सनापूर्वी १०५ मध्ये झाला असे त्या सांगतात, आणि येशू व ख्रिस्त हे दोन निरनिराळे पुरुष मानतात. येशू हा शुद्ध चारित्र्याचा शिष्य होता. यार्देन नदीतील बाप्तिस्म्याच्या वेळी त्याने आपला देह दुसऱ्या एका महान सत्त्वाच्या स्वाधीन केला आणि ते सत्त्व म्हणजे ख्रिस्त. ख्रिस्ती पंडितांना हे नवे नव्हते. बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्त येशूत उतरला आणि क्रूसापूर्वी निघून गेला, असे सेरिंथस नावाच्या आचार्याचे मत होते. आयरेनिअसने दुसऱ्या शतकात ते पाखंड म्हणून नोंदविले आहे. कारण उघड आहे. क्रूसावर यातना भोगणारा जर देवपुत्र नव्हेच, तर चर्चच्या दृष्टीने मानवजातीच्या पापांचे प्रायश्चित्त झालेच नाही. थिऑसफीला हे अडचणीचे वाटत नाही, कारण एकाच्या मरणाने दुसऱ्याचे पाप फिटते हा विचारच तिला अन्यायाचा वाटतो.

बेझंट व लेडबीटर यांनी त्या सत्त्वाला नाव दिले मैत्रेय. लेडबीटर हेही पूर्वाश्रमीचे इंग्लिश चर्चचे धर्मोपदेशक. त्यांच्या मांडणीत गौतम बुद्ध झाल्यावर ‘बोधिसत्त्व’ हे पद रिकामे झाले, ते मैत्रेयाकडे आले; हा मैत्रेय हिमालयात राहतो, पूर्वी तोच श्रीकृष्ण म्हणून आला, नंतर ख्रिस्त म्हणून, आणि आता जगद्गुरू म्हणून लवकरच येणार आहे. १९०९ साली अड्यार येथे लेडबीटर यांची नजर जे. कृष्णमूर्ती या मुलावर पडली, आणि १९११ साली येणाऱ्या जगद्गुरूच्या स्वागतासाठी एक संघ स्थापन झाला. जर्मन शाखेचे प्रमुख रुडॉल्फ श्टायनर यांना ख्रिस्ताचे देहधारण इतिहासात एकदाच घडणारे वाटत होते; ते या वादातून १९१२-१३ मध्ये बाहेर पडले. शेवटी ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमध्ये ओमेन येथे स्वतः कृष्णमूर्तींनीच तो संघ विसर्जित केला. ज्याला तारक बनविले त्यानेच तारकपण नाकारले. धर्मांच्या इतिहासात असे प्रामाणिक प्रसंग फार नाहीत. तरीही कल्पना मेली नाही. १९८२ साली बेंजामिन क्रेम या ब्रिटिश गृहस्थांनी मैत्रेय लंडनच्या आशियाई वस्तीत राहत असल्याचे जाहीर केले आणि २०१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते हेच सांगत राहिले.

आता पालि वाङ्मयाकडे वळू. भावी बुद्ध म्हणून मेत्तेय्याचा प्रसिद्ध उल्लेख दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात आहे. तेथे राजा निर्धनांना धन देत नाही म्हणून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या, आणि मनुष्याचे आयुष्य ऐंशी हजार वर्षांवरून दहा वर्षांवर येते. सात दिवसांच्या कत्तलीनंतर लपून वाचलेली माणसे एकमेकांना पाहून हर्षित होतात आणि ठरवितात की आता प्राणिहत्या करावयाची नाही. मग एकेक सदाचार परत येतो, आयुष्य पुन्हा वाढते, आणि ते ऐंशी हजारांवर पोचल्यावर मेत्तेय्य येतो. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. माणसे आधी स्वतः सुधारतात. बुद्ध त्यानंतर येतो. तो त्यांना सोडवावयास येत नाही, आणि शिकवितो तोही हाच धम्म. या सुत्ताचा आरंभ व शेवट दोन्ही ‘अत्तदीप’ होऊन राहण्याच्या उपदेशाने झालेले आहेत.

निकीयाच्या ३२५ सालच्या मतांगीकारात ख्रिस्त पुन्हा येईल तो जिवंतांचा आणि मृतांचा न्याय करण्यासाठी. थिऑसफीने ख्रिस्ती मनातील ही पुनरागमनाची आशा घेतली, तिच्यातून न्याय आणि प्रायश्चित्त काढून टाकले आणि रिकाम्या जागी बौद्ध नाव बसविले. ज्यांना तारकाची गरज आहे त्या ख्रिस्ती माणसाचे तिने समाधान होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बुद्ध हा मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे, असे ज्यांना शिकविले त्या आपल्यालाही ते नाव ओळखीचे राहत नाही. शिवाय मैत्रेय हाच कृष्ण होता म्हटल्यावर १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांचे काय उरते, हे वाचकांनी ताडावे.

पुनर्जन्माच्या प्रश्नावर मात्र थिऑसफी बौद्ध आणि ख्रिस्ती धर्म त्याच्या विरुद्ध, असे सामान्यतः मानले जाते. हे तितके सरळ नाही. पुनर्जन्म बायबलातही आहे, असे दाखविण्यासाठी थिऑसॉफिस्ट लेखक योहानाच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायाचा आधार घेतात. तेथे एक जन्मांध मनुष्य दिसतो आणि शिष्य येशूला विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? जन्मापूर्वीचे पाप म्हणजे पूर्वजन्मच, असा हा युक्तिवाद. परंतु येशूचे उत्तर त्यांच्या कामाचे नाही. पाप याचेही नाही आणि आईबापांचेही नाही, असे तो म्हणतो.

हे वाचताना मला संयुत्तनिकायातील मोळियसीवकाची आठवण होते. मनुष्याला होणारे प्रत्येक सुखदुःख पूर्वकर्मामुळेच असते काय, असे हा परिव्राजक विचारतो. तथागत पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुबदल, चुकीची वागणूक, बाहेरून झालेला आघात अशी कारणे मोजतात. कर्मविपाक त्यांत आठवा. सर्व काही पूर्वकर्मावर टाकणारे श्रमण-ब्राह्मण डोळ्यांदेखतच्या गोष्टी ओलांडून बोलतात, असा अभिप्रायही देतात. अंगुत्तरनिकायात लोणफलाचा दृष्टान्त आहे. मिठाचा खडा वाटीभर पाण्यात टाकला तर पाणी पिववणार नाही. तोच गंगेत टाकला तर कळणारही नाही. खेडच्या वाचकाने गंगेच्या जागी श्रावणातील जगबुडीचा लोंढा डोळ्यांसमोर आणावा. कर्माचा विपाक माणूस आज कसा घडतो यावरही अवलंबून आहे. जन्मांधाकडे बोट दाखवून हिशेब मागण्याच्या वृत्तीपुरते पाहिले, तर येशू आणि बुद्ध एका बाजूस आहेत, आणि थिऑसफी दुसऱ्या.

एक जीव देह बदलीत शाळेतल्या इयत्तांप्रमाणे वर चढतो, हे थिऑसफीचे पुनर्जन्माचे चित्र. मज्झिमनिकायातील महातण्हासंखय सुत्तात साति नावाचा कोळ्याचा मुलगा, भिक्षू झालेला, नेमके असेच म्हणतो: तेच विज्ञान एका जन्मातून दुसऱ्यात संचार करते. तथागतांनी त्याला ज्या कठोर शब्दांत फटकारले तसे प्रसंग निकायांत थोडे आहेत. प्रत्ययावाचून विज्ञान उत्पन्न होत नाही, हा त्यांचा मुद्दा.

इयत्तांची ही कल्पना निरुपद्रवी नाही. १९०९ साली ‘इंडियन रिव्ह्यू’मध्ये बेझंट यांनी दलित वर्गांच्या उन्नतीवर लेख लिहिला. त्या मुलांचे देह पिढ्यान्‌पिढ्यांच्या हलक्या आहाराने घडलेले, म्हणून वरिष्ठ वर्गांतील मुलांशेजारी त्यांना शाळेत बसवू नये, असे त्यात प्रतिपादन होते. बाबासाहेबांनी १९४५ सालच्या काँग्रेस व गांधींवरील ग्रंथात त्यातील उतारा मुद्दाम दिला. विश्वबंधुत्व ध्येयात आणि वेगळी बाके व्यवहारात.

राहिला गुह्यतेचा मुद्दा. सोसायटीचे ए. पी. सिनेट यांनी १८८३ साली गुह्य बौद्धमतावर पुस्तक लिहिले. १८९३ साली मॅक्सम्यूलर यांनी असे काही गुह्य बौद्धमत अस्तित्वात नसल्याचे सांगून त्याचा समाचार घेतला. ब्लाव्हाट्स्की यांचे स्पष्टीकरण असे की येथे शब्द बुद्धावरून नव्हे, ‘बुध’ म्हणजे ज्ञान यावरून घ्यावयाचा, इंग्रजीत एकाच ‘डी’चा. देवनागरी वाचणाऱ्याला ‘द्ध’ आणि ‘ध’ यांतील अंतर शिकवावे लागत नाही. मग ज्याचा बुद्धाशी संबंध नाही त्याला बुद्धाचे नाव कशाला? महापरिनिब्बान सुत्तात तथागत आनंदाला सांगतात की आतले आणि बाहेरचे असा भेद न करता मी धम्म शिकविला. आचार्याची झाकली मूठ माझ्यापाशी नाही.

ऑल्कॉट यांचे ऋण मात्र वेगळे मोजावे लागेल. त्यांनी १८८१ साली बौद्ध प्रश्नोत्तरी लिहिली, तीही ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या पुस्तिकांच्याच साच्यात. श्रीलंकेत बौद्ध शाळांच्या चळवळीला बळ दिले. १८९४ साली मद्रासेत ‘पंचम’ म्हटल्या जाणाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. १८९८ साली पंडित अयोति दास त्यांच्याच साहाय्याने श्रीलंकेला गेले, तेथे पंचशील घेऊन परतले आणि त्यांनी मद्रासेत शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. अनागारिक धर्मपालही तरुणपणी थिऑसफीतच होते, पुढे दूर झाले. आपल्या विहारांवर फडकणारा बौद्ध ध्वज १८८५ साली कोलंबोच्या समितीने तयार केला. तो फार लांबट असल्याने इतर ध्वजांच्या मापाचा करावा, ही सूचना ऑल्कॉट यांची. थिऑसफी त्यांनी कधी सोडली नाही. १७ फेब्रुवारी १९०७ रोजी अड्यार येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ते सोसायटीचे अध्यक्ष होते, आणि त्यांच्यानंतर ते पद बेझंट यांच्याकडे गेले.