पाच टक्क्यांचा परोपकार: लंडनमधली कामगारांची घरं

संशोधनाला सुरुवात करताना बहुतेकांना एक सवय असते, मलाही होती. एखादी संस्था ‘गरिबांसाठी’ स्थापन झाली असं कागदावर दिसलं, की तिचा फायदा गरिबांनाच झाला असं आपण धरून चालतो. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमधली कामगारांची घरं हा या सवयीवर चांगला उतारा आहे.

१८०१ साली लंडनची वस्ती साधारण दहा लाख होती. शंभर वर्षांत ती साठ लाखांच्या पुढे गेली. मजुरांना पायी कामावर जावं लागे, म्हणून शहराच्या मध्यातच राहणं भाग होतं. एकेका खोलीत अख्खं कुटुंब राहायचं. त्यात रेल्वे आणि नवे रस्ते काढायला पाडल्या जायच्या त्या याच वस्त्या.

यावर दानशूर मंडळींनी तीन वेगवेगळे मार्ग काढले.

पहिला मार्ग देणगीचा. लंडनमध्ये स्थायिक झालेला अमेरिकन बँकर जॉर्ज पीबॉडी याने १८६२ साली दीड लाख पौंड दिले. मृत्युपत्रातली रक्कम धरून त्याची देणगी पाच लाखांवर गेली. या पैशातून उभी राहिलेली पहिली इमारत १८६४ मध्ये स्पिटलफील्ड्समध्ये उघडली.

दुसरा मार्ग कंपनीचा. सिडनी वॉटरलो यांनी १८६३ साली कंपनी काढली आणि भागधारकांना पाच टक्के लाभांश देऊ केला. सत्कार्यही होईल आणि पैसाही सुरक्षित राहील, असा हिशोब. ‘पाच टक्क्यांचा परोपकार’ हे नाव पडलं ते यावरूनच.

तिसरा मार्ग ऑक्टेव्हिया हिल यांचा. १८६५ मध्ये जॉन रस्किन यांच्या पैशातून त्यांनी मॅरिलबोनमधली तीन मोडकळीला आलेली घरं ताब्यात घेतली. नवं बांधण्यापेक्षा दुरुस्ती आणि दर आठवड्याला स्वतः जाऊन भाडेवसुली, अशी त्यांची पद्धत. पुढे हे काम करणाऱ्या स्त्रियांची त्यांनी एक फळीच तयार केली. पण भाडं थकवलं तर गय नाही.

आता खरा प्रश्न: या घरांत राहायला कोण आलं?

याचं उत्तर भाडेकरूंच्या नियमांत सापडतं. पीबॉडीच्या इमारतींत भाडं दर आठवड्याला आगाऊ भरावं लागे, थकबाकी चालत नसे आणि घर मिळवायला मालकाची शिफारस लागे. गोदीच्या फाटकावर रोज सकाळी काम मिळेल की नाही याची वाट बघणारा हमाल शिफारस कोणाची आणणार? लोकांचे कपडे घरी धुऊन चार पैसे मिळवणाऱ्या बाईलाही इथे अडचण, कारण घरात असा धंदा करायला परवानगी नव्हती. बंदी कुठेच लिहिलेली नाही, तरी सगळ्यात गरीब माणूस दारातूनच परत जातो. आत येतो तो नियमित पगार असलेला कारागीर किंवा शिपाई.

दुसरी गोष्ट, हा परोपकार सगळा खासगी पैशावर चाललेला नव्हता. १८६६ पासून अशा संस्थांना सरकारी कर्ज मिळू लागलं. १८७५ च्या कायद्यानंतर मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्सने वस्त्या पाडून मोकळी केलेली जागा पीबॉडी ट्रस्टला तोट्यात विकली. तो तोटा करदात्यांनी सोसला. पाडणं आणि बांधणं यात कधी कधी काही वर्षं जात. तेवढ्या काळात उठवलेली माणसं शेजारच्या गल्ल्यांत कोंबली जात आणि तिथली गर्दी वाढे.

म्हणजे ही घरं वाईट होती का? नाही. हवा, उजेड, पाणी, संडास यांची सोय आसपासच्या खोल्यांपेक्षा बरीच चांगली होती, आणि त्यातली काही घरं आजही वापरात आहेत. पण वार्षिक अहवालात किती लोकांना घर मिळालं हे असतं. किती जणांना नाकारलं, किती जण उठवले गेले आणि गेले कुठे, हे त्यात नसतं.

तुम्ही मुंबईवर काम करणार असाल तर हेच प्रश्न बरोबर न्या. प्लेगनंतर १८९८ साली आलेला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट दानातून नव्हे, कायद्याने स्थापन झाला. तरी सुरुवातीच्या काळात त्याने जितक्यांना उठवलं, तितक्यांना घरं दिली नाहीत. संस्था कुठलीही असो, उद्दिष्टांचं पान वाचून झालं की नियमांचं पान काढा आणि प्रत्येक नियमापुढे लिहा: हा कोणाला पाळता येणार नाही? माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण या एका प्रश्नातून निघालं.