टोकाच्या दोन खुर्च्या

न्यू जर्सीत घर घेतलं की नगरपालिकेशी पहिली गाठ कराच्या बिलामुळे पडते आणि दुसरी बहुधा एका सर्टिफाइड पत्रामुळे. तुमच्या घरापासून दोनशे फुटांच्या आत कुणाला झोनिंगच्या नियमात न बसणारं काही करायचं असेल, तर त्यानं सुनावणीच्या निदान दहा दिवस आधी तुम्हाला नोटीस द्यायची, असा तिथला कायदा आहे. काही वर्षांपूर्वी असं एक पत्र माझ्या नावानं आलं. शेजारच्या डॉक्टरांना राहत्या घराच्या एका भागात दवाखाना काढायचा होता. निवासी भागात दवाखाना म्हणजे जागेच्या वापरातच बदल. त्यासाठी झोनिंग बोर्डाकडून खास सूट घ्यावी लागते, तिला तिथे ‘यूज व्हेरिअन्स’ म्हणतात. दवाखान्याला माझी हरकत नव्हती, पण आमच्या अरुंद रस्त्यावर रुग्णांच्या गाड्या कुठे लागणार, एवढं मला विचारायचं होतं. म्हणून संध्याकाळी टाऊन हॉलमध्ये गेले.

समोर सात खुर्च्या, त्यांच्या टोकाला आणखी दोन. सातांतले दोघे आलेच नव्हते. एक सदस्य याच डॉक्टरांकडे उपचार घेत होते, त्यांनी तसं सांगितलं आणि ते उठून बाहेर गेले. उरले चार. टोकाच्या दोन खुर्च्या पर्यायी सदस्यांच्या होत्या, पण ती पदं कित्येक महिने भरलीच नव्हती. वापर बदलण्याची सूट मिळायला पाच होकार लागतात. म्हणजे चौघांनी एकमुखानं ‘हो’ म्हटलं असतं तरी अर्ज बुडालाच असता. वकिलांनी पुढची तारीख मागितली. वास्तुरचनाकार, नियोजनतज्ज्ञ, वाहतुकीचा अभियंता आपापल्या संध्याकाळची फी लावून परत गेले. कामावरून धावतपळत आलेले आम्ही आठ-दहा शेजारीही काही न बोलता घरी आलो. एकाही माणसानं अर्जाला विरोध केलेला नसताना तो अडला होता, आणि हे मला फार लागलं. तेव्हापासून मी त्या टोकाच्या खुर्च्यांचा माग काढत आले आहे.

शंभर वर्षांपूर्वी त्या नव्हत्या. १९१६ साली न्यूयॉर्कनं अख्ख्या शहराला लागू होणारे झोनिंगचे नियम केले: कुठे घरं, कुठे कारखाने, इमारत किती उंच, रस्त्यापासून किती मागे. नियम सगळ्यांना सारखा, पण जमीन सारखी नसते. एखादा प्लॉट तिरका असतो, एखाद्याच्या पोटात खडक निघतो, एखाद्यावर नियमाआधीचं बांधकाम उभं असतं. अशा मालकानं कोर्टाची पायरी चढण्याआधी दाद मागावी म्हणून नियमांबरोबरच अपील मंडळही आलं. न्यूयॉर्कच्या नियमांमागचे प्रमुख वकील एडवर्ड बॅसेट पुढे हर्बर्ट हूवर यांनी नेमलेल्या सल्लागार समितीवर होते. हूवर तेव्हा वाणिज्यमंत्री होते. त्यांच्या खात्यानं राज्यांसाठी झोनिंगचा नमुना कायदा तयार केला. तो १९२४ मध्ये छापला गेला आणि १९२६ मध्ये सुधारून पुन्हा निघाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं झोनिंग घटनात्मक ठरवलं, आणि राज्यांनी हा नमुना भराभर उचलला.

त्या नमुन्यात मंडळ पाच जणांचं होतं आणि मुदत तीन वर्षांची. सूट द्यायची तर चार मतं हवीत, अशी अट होती. अटीमागचा हेतू चांगला होता. सूट सहज मिळू लागली तर नियम उरतच नाही. पण हे चार मोजायचे ते हजर असलेल्यांतून नव्हे, मूळ पाचांतून. एक सदस्य तापानं घरी राहिला की अर्जदाराला उरलेल्या चारांची चारही मतं लागणार. दोघे आले नाहीत तर काही बोलण्यातच अर्थ नाही. गैरहजर माणूस नकळत ‘नाही’ म्हणत होता. त्याची रिकामी खुर्ची भरायची कशी, याबद्दल मसुद्यात काही नव्हतं. कनेटिकटमध्ये पाचांतल्या चारांची ही अट आजही आहे, फक्त तिथे आता पाच सदस्यांच्या जोडीला तीन पर्यायी सदस्य असतात.

न्यू जर्सीची वाट वेगळी. तिथल्या न्यायालयांनी सुरुवातीला झोनिंगला इतका विरोध केला, की १९२७ मध्ये राज्यघटनाच दुरुस्त करावी लागली, आणि १९२८ मध्ये कायदा झाला. पुढची बरीच वर्षं वापर बदलण्याची सूट मंडळ स्वतः देत नसे. ते शिफारस करी, आणि निर्णय निवडून आलेली गव्हर्निंग बॉडी घेई. १९७५ च्या ‘म्युनिसिपल लँड यूज लॉ’नं हे पालटलं. १ ऑगस्ट १९७६ पासून तो लागू झाला. आता निर्णय मंडळाचाच, सदस्य सात, आणि वापर बदलायला पाच होकार. या पाचांच्या अटीशेजारी त्याच कायद्यानं पर्यायी सदस्यांची तरतूद केली. मला त्यात मोठी समज दिसते. एखाद्याच्या घरादाराचा निर्णय सात शेजाऱ्यांच्या हाती द्यायचा असेल, तर सातजण बसतील याची काळजीही कायद्यानंच घ्यायला हवी. आधी पर्यायी सदस्यांची मर्यादा दोन होती, पुढे ती चारवर गेली. झोनिंग बोर्डाच्या जोडीला नियोजन मंडळही असतं; त्याला ही सोय मागाहून मिळाली. कायद्याच्या पुस्तकात ती २३ आणि २४ या कलमांच्या मध्ये २३.१ म्हणून बसवलेली आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ‘हरकती व सूचना’ चांगल्या परिचयाच्या. पण १९६६ च्या आपल्या नगररचना कायद्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जाणकार यांची समिती सुनावणी घेते ती अख्ख्या शहराच्या आराखड्यावर. न्यू जर्सीत एका घराच्या एका खोलीसाठी गावातले सात बिनपगारी रहिवासी रात्री अकरापर्यंत शपथेवरच्या साक्षी ऐकत बसतात. शेजाऱ्याला साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते, आणि शब्दन् शब्द रेकॉर्ड होतो. सदस्यांपैकी कुणी निवडून आलेला नसतो, कुणी नगरपालिकेचा नोकर नसतो. कोर्टाच्या जवळ जाणारं हे काम आहे. म्हणून कोण बसलं होतं हा प्रश्न काय ठरलं याच्याइतकाच मोठा होतो.

पर्यायी सदस्याचं कलम मी अनेकदा वाचलं आहे. नेमणूक होतानाच प्रत्येकाला क्रमांक मिळतो: पर्यायी क्रमांक १, क्रमांक २. मुदत दोन वर्षं, तर नियमित सदस्याची चार. पर्यायी सदस्य चर्चेत भाग घेऊ शकतो, प्रश्न विचारू शकतो. मत मात्र नियमित सदस्य गैरहजर किंवा अपात्र असेल तरच. दोघांपैकी एकाचीच गरज असेल तर क्रमांकाप्रमाणे. अध्यक्षांना इथे निवड करायला जागाच ठेवलेली नाही. ‘आज यांना बसवू, त्या जरा कडक आहेत’ असं म्हणता येत नाही. क्रम अर्ज येण्याच्या कितीतरी आधी ठरलेला असतो, त्यामुळे मत देणारा माणूस अर्ज पाहून निवडता येत नाही.

त्याच कलमातलं दुसरं एक वाक्य मला त्याहून आवडतं. नियमित सदस्याला मत देता यावं म्हणून मतदान पुढे ढकलायचं नाही, असं ते बजावतं. पर्यायी सदस्य बसला आहे ना, मग तोच सदस्य. त्या रात्रीपुरता तो कुणाच्या सावलीत नसतो. आपल्या नाटकवाल्यांत रिप्लेसमेंट करणारा नट विंगेत उभा राहून सगळं नाटक पाठ करतो, पण मूळ नट ऐनवेळी परतला की मेकअप पुसून खाली बसतो. इथे पडदा वर गेल्यावर तसं करता येत नाही.

बाकीच्या राज्यांनी हा पेच आपापल्या स्वभावाप्रमाणे सोडवला. कनेटिकटमध्ये गैरहजर राहणारा सदस्य स्वतःचा पर्याय सांगू शकतो. त्यानं सांगितला नाही तर अध्यक्ष पाळीपाळीनं नेमतात, म्हणजे प्रत्येक पर्यायी सदस्याला जवळपास सारख्या वेळा बसायला मिळावं. ही सदस्यांना न्याय देणारी व्यवस्था आहे. न्यू जर्सीची क्रमांकपद्धत अर्जदाराला न्याय देणारी, आणि मला तीच सरस वाटते. न्यूयॉर्कच्या राज्य कायद्यानं पर्यायी सदस्य मान्य केला तो हितसंबंधाच्या अडचणीपुरता. साध्या गैरहजेरीसाठी तो बसवायचा तर गावाला वेगळा स्थानिक कायदा करावा लागतो. आजारपण काय सांगून येतं? हा अपुरेपणा मला तरी समजलेला नाही. व्हर्जिनियात मंडळाचे सदस्य, आणि गावानं मागितले तर पर्यायी सदस्यही, सर्किट कोर्ट नेमतं. टेक्सासमध्ये प्रत्येक प्रकरण पंचाहत्तर टक्के सदस्यांसमोरच चालावं लागतं आणि सूट द्यायलाही तेवढीच मतं लागतात, म्हणून महापौर किंवा सिटी मॅनेजर यांच्या विनंतीवरून पर्यायी सदस्य बसवण्याची मुभा आहे.

गैरहजेरीपेक्षा अवघड प्रश्न हितसंबंधाचा. लहान गावात सगळे एकमेकांना ओळखतात. दाताचा डॉक्टर, मुलांची शिक्षिका, देवळाचा विश्वस्त, सगळी माणसं त्याच चार रस्त्यांवर राहतात. न्यू जर्सीच्या न्यायालयांनी या बाबतीत गेल्या काही वर्षांत धागा बराच ताणून धरला आहे. माँटक्लेअरमध्ये एका चर्चशेजारच्या जागेवर वृद्धांसाठी निवास व्हायचा होता, आणि निर्णयात भाग घेणाऱ्यांचा त्या चर्चशी संबंध होता. २०१५ च्या निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की चर्च दोनशे फुटांच्या आत असेल तर त्याचा अशा अर्जात हितसंबंध आहेच, आणि तिथे नेतृत्वाच्या पदावर असलेल्या माणसाला तो चिकटतो. नुसतं सदस्यत्व मात्र अपात्र करत नाही. २०१९ च्या गारफिल्डच्या खटल्यात प्रश्न होता, अर्जाशी संबंधित डॉक्टरांचे रुग्ण मंडळावर बसू शकतात का. न्यायालयानं सांगितलं की रुग्ण आणि डॉक्टर यांचं खरंखुरं नातं असेल तर त्या सदस्यानं बाजूला व्हावं. आमच्या मंडळातले ते गृहस्थ उठून गेले, ते योग्यच होतं. बसले असते आणि पुढे कुणी कोर्टात गेलं असतं, तर अख्खा निर्णय उलटायला ते एक कारण पुरलं असतं.

म्हणजे नैतिकतेचा निकष जसजसा कडक होतो, तसतशा खुर्च्या जास्त रिकाम्या होतात. पर्यायी सदस्य नेमलेले नसले तर प्रामाणिकपणे बाजूला होणाऱ्या सदस्याची किंमत अर्जदार मोजतो. कायद्यानं यावरही एक उपाय ठेवला आहे. हितसंबंधामुळे झोनिंग बोर्डाची गणपूर्ती होत नसेल तर नियोजन मंडळावरचे नागरिक-सदस्य सेवाज्येष्ठतेनं त्या प्रकरणापुरते बोलवायचे, आणि उलटही तसंच. पण तो उपाय गणपूर्तीपुरता. आमच्याकडे त्या रात्री चारजण होते, गणपूर्ती झालेली होती.

माझी तक्रार आहे ती नेमणुकीच्या रीतीवर. जानेवारीच्या पहिल्या सभेत नावांची लांबलचक यादी वाचली जाते, आणि तिच्यात पर्यायी पदं बरेचदा शेवटी उरलेली असतात. ज्याला नियमित जागा देता आली नाही त्याची समजूत काढायला ती दिली जातात, नाहीतर ‘बघू नंतर’ म्हणून रिकामी ठेवली जातात. खरं तर या खुर्चीवर सगळ्यात चिकाटीचा माणूस हवा. आज आपलं मत लागेल की नाही हे ठाऊक नसताना त्यानं नकाशे वाचून यायचं असतं, तीन-तीन महिने चालणाऱ्या सुनावणीला पहिल्या रात्रीपासून बसायचं असतं. एखादी बैठक चुकली तर कायदा त्याला रेकॉर्डिंग ऐकून किंवा उतारा वाचून तसं लेखी द्यायला लावतो, तेव्हाच मत देता येतं. २००५ च्या कायद्यानं भूवापर कायद्याचा अभ्यासक्रम अठरा महिन्यांत पूर्ण करणं बंधनकारक केलं, ते पर्यायी सदस्यांनाही. नेमणाऱ्यांनी मात्र अजून त्यांना दुय्यम मानणं सोडलेलं नाही.

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना गणपतीच्या मंडळात वर्षानुवर्षं राबताना मी पाहिलं आहे. तीच माणसं टाऊन हॉलच्या या खुर्च्यांसाठी अर्ज करायला कचरतात. ‘मत नाही तर जाऊन काय करायचं?’ असं मला एका मैत्रिणीनं विचारलं होतं. मी तिला त्या चार सदस्यांची रात्र सांगितली. पुढच्या जानेवारीत तिनं अर्ज भरला.

आमच्या डॉक्टरांची सुनावणी शेवटी तिसऱ्या महिन्यात झाली. दरम्यान दोन्ही पर्यायी पदं भरली होती. सहा नियमित सदस्य हजर होते. बाजूला झालेल्या सदस्याच्या जागी पर्यायी क्रमांक १, एक निवृत्त शाळामास्तर, बसले. क्रमांक २ असलेल्या बाई टोकालाच होत्या. गाड्यांबद्दलचा माझा प्रश्न झाल्यावर पुढचा प्रश्न त्यांनी विचारला: दोन रुग्णांच्या वेळांत किती अंतर ठेवणार? त्या एका प्रश्नातून पुढे अट निघाली की एका वेळी तीनपेक्षा जास्त रुग्णांना वेळ द्यायची नाही आणि गाड्या घराच्या आवारातच लावायच्या. त्या बाईंना त्या रात्री मत नव्हतं. साडेदहाला मतदान झालं. पाच होकार, दोन नकार. पाचातला एक होकार मास्तरांचा होता.

पुढच्या महिन्यात लेखी ठराव आला. त्यावर फक्त होकार दिलेल्यांनाच मत देता येतं. सचिवांनी चार नावं पुकारली, मग एक पान उलटून म्हणाल्या, ‘पर्यायी क्रमांक १?’ मास्तर चष्मा कपाळावर सरकवून ठरावातली अटींची यादी बोटानं खाली खाली वाचत होते. रुग्णांच्या वेळांची अट सापडेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.