कृष्णाकांठची मगर व तिची वंशावळ

गजेंद्रमोक्षाची कथा लहानपणीं ऐकिली नाहीं, असा वाचक विरळाच. त्या कथेंतील नक्र आम्हां सांगलीकडील लोकांस केवळ पोथींतला प्राणी नव्हे. भिलवडी, औदुंबर या भागांत तो कृष्णेच्या कांठीं ऊन खात पडलेला आजहि दिसतो. परवां माझ्या नातवानें विचारिलें, “आजोबा, डायनोसॉर गेले, मग मगर कशी राहिली ?” प्रश्न लहान, पण उत्तरासाठीं फार मागें जावें लागतें.

साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याचा काळा दगड म्हणजे सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वाहत आलेला लाव्हारस होय. अशा दगडांत हाडें सांपडावयाचीं नाहींत. तीं लाव्हाखालच्या, अथवा दोन थरांमधल्या, गाळांत मिळतात. चंद्रपूर जिल्ह्यांत वरोऱ्यानजीक पिसदुरा येथें डायनोसॉरांचीं हाडें व कांसवांचे अवशेष निघाले. आणि तेलंगणांतील नस्कल येथें त्याच काळच्या मगरींचे अवशेष मिळाल्याचें २००२ सालीं प्रसिद्ध झालें.

हें कुळ मोठें विविध होतें. आफ्रिकेंतील नायजर देशांत सांपडलेला सार्कोसुकस सुमारें ११ कोटि वर्षांपूर्वींचा. लांबीनें तो आपल्या मगरीच्या दुप्पट होता. उलट मादागास्करचा सिमोसुकस एका मीटरहून लहान, आंखूड तोंडाचा. दांतांवरून तो वनस्पति खात असावा, असें पंडित मानितात. हे दोघेहि नष्ट झाले. गोड्या पाण्यांतील कांहीं शाखा मात्र तगल्या. मगरीस महिनोन् महिने अन्नावांचून राहतां येतें, व नदींतील जीवसृष्टि वाहून आलेल्या पालापाचोळ्यावरहि कांहीं काळ निभावते, हीं कारणें शास्त्रज्ञ देतात.

परंतु त्या प्रलयांतून वांचलेलें कुळ आपल्या हातून वांचेल काय ? वाळूच्या उपशानें तिची अंडीं घालण्याची जागा ढांसळते. दुसऱ्या बाजूस, मगरीच्या हल्ल्यांत या कांठचीं माणसें व गुरें दगावलीं आहेत. ज्या घरचें माणूस गेलें, त्या घरास वंशावळ सांगून समाधान होणार नाहीं. १९७२ च्या कायद्यानें मगरीस अभय दिलें. घाटावरील मनुष्यास तें आपणच द्यावयाचें आहे. घाटास भक्कम कुंपण, धुण्यास घरपोंच पाणी, आणि फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत तिच्या घरट्यापासून दूर राहणें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.

नातवास मीं इतकेंच सांगितलें, “बाळ, नदीवर जा, पण तेथें पाहुण्यासारखा वाग. घर तिचें आहे.”