ब्रेकचे पॅड असमान का झिजतात?



आता पुष्कळ वस्त्यांवर बैलगाडीच्या जागी जीप, कार किंवा लहान पिकअप उभी दिसते. सकाळी भाजीची क्रेट, दुपारी खताची पोती, आणि रात्री-अपरात्री घरात कुणी आजारी पडले तर दवाखान्यालाही तीच गाडी. तिचे इंजिन ऑइल आपण वेळेवर बदलतो, टायरची हवा पाहतो. ब्रेककडे मात्र चाकातून कर्रकर्र आवाज आल्याखेरीज कुणी बघत नाही. मग मेस्त्री चाक खोलतो. एक पॅड पत्र्यापर्यंत झिजलेले आणि त्याचे जोडीदार निम्मे शिल्लक, असे दिसते. नवा संच बसतो, पैसे दिले जातात. थोड्याच महिन्यांत त्याच चाकाचे तेच पॅड पुन्हा संपते.

असे होते, कारण पॅड बदलले तरी पॅड खाणारा दोष आत तसाच राहिला. पिकाचे लक्षण आपण नीट पाहतो. खालची जुनी पाने पिवळी पडली तर नत्राची कमतरता, शेंड्याची कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता, असे अनुमान काढतो आणि मगच उपाय करतो. झिजलेले पॅडही असेच बोलते. ते कुठे आणि कसे झिजले हे पाहिले, की दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा कळते. म्हणून जुने पॅड लगेच फेकू देऊ नका. कोणत्या चाकाचे, आतले की बाहेरचे, अशी खडूने खूण करून ठेवा.

ब्रेक कसा चालतो

बहुतेक गाड्यांच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी म्हणजे डिस्क. तिच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाला एकेक पॅड असते. या दोघांना कवेत घेणारा भाग म्हणजे कॅलिपर.

नेहमीच्या गाड्यांत पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे येतो व आतले पॅड डिस्कवर दाबतो. त्याच जोराने कॅलिपर दोन पिनांवरून आतल्या बाजूला सरकतो आणि बाहेरच्या पॅडलाही डिस्कवर ओढतो. चिमट्यात निखारा धरावा, तशी डिस्क दोन्हीकडून धरली जाते. पाय उचलला की पिस्टनभोवतीची रबरी सील त्याला किंचित मागे घेते आणि पॅड सुटतात.

म्हणजे तीन गोष्टी मोकळ्या हलल्या पाहिजेत : पिस्टन, कॅलिपरच्या पिना, आणि खाचेत बसलेले पॅड. यातले एक जरी अडकले तरी झीज असमान होते. शेतावरच्या गाडीला हा त्रास विशेष. चिखलणीच्या वेळचा गारा, वाटेवरची धूळ आणि पोत्यातून सांडलेले खत चाकात जाते. पावसाळ्यात गाडी कित्येक दिवस एका जागी उभी राहते. पिनेचे किंवा पिस्टनचे रबरी बूट फाटलेले असेल तर पाणी आत शिरते आणि गंज धरतो.

पॅड काय सांगते

१. आतले पॅड जास्त झिजले, बाहेरचे जाड राहिले : कॅलिपर पिनांवरून सरकत नाही, किंवा पिस्टन मागे जात नाही. आधी पिना तपासा, हा दोष नेहमीचा आहे.

२. बाहेरचे पॅड जास्त झिजले : ब्रेक सोडल्यावर कॅलिपर परत सरकत नाही, त्यामुळे बाहेरचे पॅड डिस्कला घासत राहते. पिना आणि त्यांची रबरे पाहा.

३. पॅड पाचरीसारखे झिजले, एक टोक जाड व एक पातळ : दोनपैकी एक पिन धरली आहे, किंवा गंजामुळे पॅड खाचेत तिरके अडकले आहे. थोडासा फरक चालतो. डोळ्याला सहज दिसणारा फरक म्हणजे दोष.

४. एका चाकाचे दोन्ही पॅड संपले, समोरच्या चाकाचे शाबूत : या चाकाचा पिस्टन अडकला असेल, किंवा त्याचा रबरी ब्रेक होज आतून फुगला असेल. असा होज ऑइल पुढे जाऊ देतो पण परत लवकर येऊ देत नाही, म्हणून ब्रेक धरलेलाच राहतो. पण दुसरी शक्यता विसरू नका. जे पॅड शाबूत दिसते तेच चाक आजारी असू शकते. ते काम करत नाही म्हणून त्याचा भार या चाकावर पडतो.

५. सगळे पॅड सारखे पण लवकर झिजले : हा सुट्या भागाचा दोष नव्हे. जादा माल, सारखा ब्रेकवर पाय, उतारावर वरचा गियर, ही कारणे शोधा.

मागच्या चाकांना ड्रम असेल तर तिथे पॅडऐवजी लायनर असतात. दोनपैकी एक लायनर जास्त झिजणे तिथे रचनेनुसारच घडते, त्याने घाबरून जाऊ नये.

घरच्या घरी तपासणी

प्रथम चारही टायरची हवा बरोबर करा. एका टायरात हवा कमी असली तरी गाडी बाजूला ओढते. मग मोकळ्या, सपाट रस्त्यावर सावकाश चालवत ब्रेक दाबून पाहा. गाडी डावीकडे ओढत असेल तर डाव्या चाकाचा ब्रेक अधिक धरतो आणि उजव्याचा कमी. अशा वेळी उजवीकडचा ब्रेक आधी तपासावा. ब्रेक न दाबताही गाडी ओढत असेल तर ज्या बाजूला ओढते त्या चाकाचा ब्रेक सुटत नसेल.

दुसरी तपासणी उष्णतेची. शक्यतो ब्रेक न लावता ४-५ किलोमीटर गाडी चालवा आणि आपोआप थांबू द्या. हात चाकाच्या जवळ न्या, पण लावू नका. पुढच्या दोनपैकी एक चाक भट्टीसारखे तापले असेल तर तिथे पॅड घासते आहे.

तिसरी तपासणी चाक उचलून. सपाट कठीण जागेवर गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. जॅकवर उचलल्यावर खाली पक्का स्टँड द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात किंवा डोके घालू नये. आता चाक हाताने फिरवा. किंचित घासल्याचा आवाज चालतो, पण चाक जड फिरता कामा नये.

चाक आवळलेलेच असेल तर मेस्त्रीला कॅलिपरचा ब्लीडर स्क्रू थोडा ढिला करायला सांगा. ऑइल येऊन चाक सुटले तर दाब अडकला होता, होज किंवा मुख्य सिलिंडर पाहावा. तरीही सुटले नाही तर पिस्टन किंवा पिना अडकल्या आहेत.

दुरुस्ती करून घेताना

पुढची दोन्ही चाके एकदम करावीत. एकाच चाकाला नवे पॅड घातले तर गाडी ओढू लागते. पिना काढून गंज साफ करून घ्या. पिन झिजलेली किंवा खड्डे पडलेली असेल तर बदला. तिला ब्रेकसाठी मिळणारे खास ग्रीसच लावावे. साधे ग्रीस, डिझेल किंवा इंजिन ऑइल लागले की ब्रेकचे रबर फुगते आणि पिन पुन्हा धरते. फाटलेले बूट तसेच बसवू नका. त्याची किंमत थोडी, पण सारा बिघाड तिथूनच सुरू होतो.

कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नये, तारेने बांधून ठेवावा. ब्रेकची धूळ हवेने उडवू नका, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा. डिस्कची जाडीही मोजून घ्या. किती जाडी राहिली पाहिजे तो आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो.

काम झाल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत अनेकदा दाबा. हे विसरले तर पहिल्याच ब्रेकला पेडल खाली जाईल. पुढचे २००-३०० किलोमीटर नवे पॅड बेताने वापरावेत.

घाट उतरण्यापूर्वी

नाशिककडची भाजी कसारा घाटातून मुंबईला जाते, जुन्नरकडची माळशेज उतरून कल्याणला. भरलेली गाडी घाट उतरताना सगळी चाके सारखी धरत नसतील तर एकाच चाकावर सारा ताण येतो. ते तापते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. असे जुने ऑइल तापल्यावर लवकर उकळते, पेडल मऊ होऊन तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. म्हणून ब्रेक ऑइल साधारण २ वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेव्हा बदलावे. डॉट-३ की डॉट-४ तेही पुस्तिकेप्रमाणेच. ज्या गियरमध्ये गाडी घाट चढते, त्याच गियरमध्ये उतरवावी.

ध्यानात ठेवा

- पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळा संपल्यावर पॅड पाहा. झिजणारा थर ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदला.
- चारही पॅड बाजूबाजूला ठेवून तुलना करा.
- शेतातून आल्यावर चाकांतला चिखल वाळण्यापूर्वी धुवा, खत वाहिल्यावर तर नक्कीच.
- मेस्त्रीला "पॅड बदल" एवढेच सांगू नका. "हे एकच का झिजले?" असे विचारा, आणि उत्तर मिळाल्याशिवाय चाक बंद करू देऊ नका.