विसार देण्याआधी

सकाळी 8. नागापूर एमआयडीसीतल्या एका कामगाराचा फोन. "ताई, पीएफ काढतोय. शहराबाहेर पाच गुंठे बघितलेत. आज विसार द्यायचाय." म्हटलं, विसार थांबवा, आधी गट नंबर पाठवा.

10 वाजता ऑफिसात सातबारा उघडला. जिरायत शेतजमीन, बिनशेती आदेश नाही. तुकडेबंदीचा कायदा 1947चा. 2023च्या अधिसूचनेप्रमाणे जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र 20 गुंठे, म्हणजे पाच गुंठ्यांचं वेगळं खरेदीखत होत नाही. एजंटाचा तोडगा ठरलेला: चौघांनी मिळून सामाईक खरेदी करायची. त्यात सातबाऱ्यावर चार नावं लागतात, पण आपली हद्द कुठली ते कागदावर कुठेच नसतं. शिवाय पीएफ योजनेतला 68-बी परिच्छेद जागेसाठी पैसे देतो तो जागा सभासदाच्या, जोडीदाराच्या किंवा दोघांच्याच नावे असेल तर. तीन परके सहहिस्सेदार तिथे चालत नाहीत.

दुपारी दुय्यम निबंधक कार्यालयात दुसऱ्या एका प्रकरणाचा तीस वर्षांचा शोध. रांग मोठी होती.

4 वाजता सकाळचा तो कामगार आणि त्याची बायको, दोघं आले. तिने थेट विचारलं, "मग पैसे तसेच पडू द्यायचे?" पडून राहत नाहीत, 2024-25 ला पीएफवर 8.25 टक्के व्याज जाहीर झालं होतं. मोकळा प्लॉट मात्र विकेपर्यंत दर महिन्याला काहीच देत नाही, आणि साठीनंतर घर चालतं ते दर महिन्याच्या पैशावर. हे मी प्रत्येकाला सांगते, कारण आयुष्यभराची पुंजी एका कागदात अडकलेली माणसं याच खुर्चीत बसून गेली आहेत. घरच बांधायचं असेल, तर मंजूर रेखांकनातला बिनशेती प्लॉट घ्या. लहान चालेल, पण दोघांच्या नावे. तिने केडगावचा एक सुचवला.

रात्री 9 ला न्यू जर्सीहून शाळासोबत्याचा फोन. त्याला दिवसभराचं सांगितलं, तर तो तिकडचं सांगू लागला. तिकडे 1974च्या कायद्याने आलेल्या निवृत्ती खात्यातून घर घेता येतं, पण मालक ते खातंच. त्याने, बायकोने, आईवडिलांनी किंवा मुलांनी तिथे राहायचं नाही. भाडंही खात्यातच जमा. मी विचारलं, मालकीचे कागद कोण तपासतं? "खातं सांभाळणारी कंपनी नाही तपासत. माझं मलाच बघावं लागतं."

उद्या अकराला केडगावच्या प्लॉटचा रेखांकन नकाशा आणि बिनशेती आदेश घेऊन ती दोघं येणार आहेत. विसार अजून दिलेला नाही.