‘एक वाटी’ म्हणजे नेमकं किती? गोळाभाताच्या निमित्ताने समजून घ्या रेसिपीतली मापं

रील पाहून तुम्ही नागपुरी गोळाभात करायला घेतला. रेसिपी सोपी होती: एक वाटी तांदूळ, एक वाटी जाडसर बेसन, तीन टेबलस्पून मोहन, मीठ चवीनुसार. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. झाकण काढून पाहता तर गोळे फुटून भातात मिसळलेले! त्याच रीलखाली कुणी लिहितं ‘मस्त झाला’, तर कुणी लिहितं ‘पूर्ण फसला’. रेसिपी एकच, मग फरक कुठे पडला?

बहुतेक वेळा वाटीत.

वाटी मोठी की छोटी?

घरोघरच्या वाट्या साधारण १०० ते २०० मिलीच्या असतात. सगळे जिन्नस एकाच वाटीने मोजले तर याने काही बिघडत नाही. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, हे प्रमाण वाटी कोणतीही घेतली तरी तेच राहतं.

गडबड होते ती वाटी आणि चमचा एकाच रेसिपीत आल्यावर. समजा, रेसिपी देणाऱ्या ताईंची वाटी २०० मिलीची आहे आणि तुमची १०० मिलीची. तुमचं बेसन अर्धं झालं, पण मोहन मात्र तीन टेबलस्पूनच राहिलं. म्हणजे पिठाच्या मानाने तेल दुप्पट! मोहन जास्त झालं की गोळे फुटतात, कमी पडलं की दडदडीत होतात. म्हणून अशा रेसिपीत आधी विचारा, ‘तुमची वाटी किती मिलीची?’

टीस्पून आणि टेबलस्पून

- टीस्पून म्हणजे ५ मिली. साधारण चहाचा चमचा.
- टेबलस्पून म्हणजे १५ मिली, म्हणजे तीन टीस्पून.
- कप म्हणजे रेसिपीत साधारण २४० ते २५० मिली. आपला चहाचा कप यापेक्षा बराच लहान असतो. राईस कुकरसोबत मिळणारा कपही बहुधा १८० मिलीचाच असतो.

इंग्रजी रेसिपीत चमच्यांची लघुरूपं सारखीच दिसतात. ज्यात ‘बी’ आहे तो टेबलस्पून, हे लक्षात ठेवा. दोन्हींत गल्लत झाली तर मीठ किंवा खायचा सोडा थेट तिप्पट पडतो. मेलबर्नच्या मावशीने रेसिपी पाठवली असेल तर आणखी एक गोष्ट विचारा: ऑस्ट्रेलियात टेबलस्पून २० मिलीचा धरतात.

घरातला चमचा किती मिलीचा आहे हे पाहायचं असेल, तर औषधाच्या बाटलीसोबत येणारं खुणांचं झाकण स्वच्छ धुऊन घ्या आणि चमचाभर पाणी त्यात ओता. याच्या उलट मात्र कधीच करू नका. मुलांचं औषध स्वयंपाकघरातल्या चमच्याने मोजू नका, कारण तिथे चुकलं तर प्रश्न चवीचा राहत नाही.

सपाट की शिगोशीग?

‘एक चमचा’ म्हणजे काठाशी सपाट केलेला चमचा. शीग लावून भरला तर सहज दीडपट-दुप्पट होतो. अमेरिकेत फॅनी फार्मर यांनी १८९६ सालच्या आपल्या पाकपुस्तकात सपाट मापांचाच आग्रह धरला होता.

कप आणि वजन यांचीही गल्लत नको. एक कप पाणी सुमारे २४० ग्रॅम भरतं, साखर २०० ग्रॅम आणि मैदा जेमतेम १२० ते १२५ ग्रॅम. मैदा दाबून भरला तर आणखी जास्त. म्हणूनच केक करणारे लोक वजनकाटा वापरतात.

आधी मोजायचं की आधी चिरायचं?

‘एक वाटी शेंगदाणे, कूट करून’ आणि ‘एक वाटी शेंगदाण्याचं कूट’ ही दोन वेगळी मापं आहेत. पहिल्यात दाणे मोजायचे, दुसऱ्यात कूट. आणि नागपुरी रेसिपीत ‘एक वाटी चिरलेला सांबार’ दिसला, तर इडलीबरोबरचं सांबार ओतू नका. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर!

आजीच्या वहीतलं ‘पावशेर’

जुन्या वहीत तोळा, छटाक, पावशेर भेटतात. एक तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. पाच तोळ्यांचा छटाक, म्हणजे ५८ ग्रॅम. ८० तोळ्यांचा शेर, म्हणजे ९३३ ग्रॅम. त्या हिशेबाने पावशेर भरतो २३३ ग्रॅम. ऑक्टोबर १९५८ पासून देशात किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने लागू झाला. शेर गेला, पण शब्द राहिला. आज बाजारात ‘पावशेर’ मागितलं तर २५० ग्रॅम मिळतं. भाजीत या फरकाने काही होत नाही, पाकाच्या वड्यांत होऊ शकतं.

मग ‘अंदाजाने’चं काय करायचं?

चिमूटभर हळद, बोटाच्या पेराएवढं आलं, लिंबाएवढी चिंच हीसुद्धा मापंच आहेत, फक्त ती हाताची आहेत. ‘अंदाजाने’ सहसा तिथे लिहितात, जिथे चाखून सुधारता येतं. तर्रीत तिखट कमी पडलं तर वरून घालता येतं. पण मोहन, सोडा किंवा भाताचं पाणी झाकण ठेवल्यावर सुधारता येत नाही. तिथे मोजूनच घ्यावं.

आईचा अंदाज चुकत नाही, कारण तिची वाटी आणि तिची मूठ वर्षानुवर्षं तीच आहे. आपण वहीत शब्द उतरवतो, मूठ उतरवायची राहून जाते. म्हणून पुढच्या वेळी आई किंवा आजी गोळाभात करत असेल तेव्हा तिच्या हातातलं मीठ परातीत पडण्याआधी चमच्याने मोजा. तिच्या वाटीत किती मिली पाणी मावतं ते पाहा आणि रेसिपीशेजारी लिहून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे, पण पुढे कधी तिला विचारता आलं नाही, तरी तिच्या हातची चव घरात राहील.