विद्या हातांत कशी उतरते?

आषाढांत उरण तालुक्यांतील एखाद्या खाचरांत लावणी चालली आहे, अशी कल्पना करा. चिखलांत उभ्या असलेल्या बाईस साप चावतो. साप कोणीं नीट पाहिलेला नाहीं. तिला रुग्णालयांत आणतात, तेथें नुकताच पदवी घेतलेला तरुण डॉक्टर आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसें, चौघांच्या दंशाचीं लक्षणें त्याला मुखोद्गत आहेत. पण आतां त्याला तोंडाचें नव्हे, हाताचें काम आहे.

कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळींत दोन मिलिलिटर रक्त घ्यावयाचें, नळी वीस मिनिटें मुळींच हलवावयाची नाहीं, मग एकदां कलती करावयाची. रक्त गोठलें नसेल तर घोणस किंवा फुरशाचा दंश समजून प्रतिविष सुरू करावयाचें. नळी प्लॅस्टिकची अगर साबणानें धुतलेली असली कीं परीक्षा फसते. रक्त गोठलें म्हणूनहि निर्धास्त होतां येत नाहीं. नाग-मण्याराच्या दंशांत तें गोठतेंच, पापण्या मात्र जड होऊं लागतात. रोगी मूल असलें तरी मात्रा मोठ्या माणसाइतकीच, कारण सापानें वय पाहून विष कमी सोडलेलें नसतें. प्रतिविषाची उलट प्रतिक्रिया उठली तर ॲड्रेनलिन हाताशीं भरून ठेवलेलें हवें.

हें सारें व्याख्यानांत दहा मिनिटांत सांगून होतें. अंगवळणीं पडत नाहीं. म्हणूनच २०१९ सालच्या तुकडीपासून एम्.बी.बी.एस्.चा शिक्षणक्रम विद्यार्थ्याला काय ठाऊक आहे यापेक्षां त्याला काय करतां येतें यावर बेतला गेला. ‘जाणतो’, ‘कसें तें जाणतो’, ‘करून दाखवितो’ आणि ‘स्वतंत्रपणें करतो’ अशा त्यांत पायऱ्या आहेत. सुई प्रथम पुतळ्याच्या हातांत टोंचावयाची, रोग्याच्या नंतर.

परीक्षाहि बदलली. पूर्वीं कोणता रोगी वांट्याला येईल हा नशिबाचा खेळ असे. रोनाल्ड हार्डन यांनीं स्कॉटलंडमधील डंडी येथें १९७५ सालीं मांडलेल्या पद्धतींत विद्यार्थी एकामागून एक ठाण्यांवर जातो, प्रत्येक ठाण्यावर ठरलेलें एक काम करतो, आणि परीक्षक तें डोळ्यांदेखत पाहून गुण देतो.

माझी भीति एकच: नोंदवहींत सह्या भरतील आणि शिक्षकाची नजर मात्र दुसरीकडेच असेल. शिवाय पुतळा रडत नाहीं, त्याला नातेवाईकहि नसतात. म्हणून एखाद्या ठाण्यावर कोणास त्या बाईचा नवरा करून बसवितात. ‘डॉक्टर, मुंबईला नेऊं का?’ असें तो विचारतो. प्रतिविषाची पहिली मात्रा येथेंच दिल्यावर मग हलवूं, हें त्या घाबरलेल्या माणसाला दोन वाक्यांत पटवितां आलें पाहिजे. त्याचेहि गुण असतात.